आवडीचा प्रोजेक्ट: छंद कुणाला परवडतो?

(भिलाईतल्या स्मृती नगरात इंजिनिअरिंगच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इंजिनिअर नाही. समाजशास्त्रात एमए केलं आणि आता पीएचडी करते आहे. घरातून पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला आलेली मुलंमुली कॉलेजात काय शिकतात आणि त्यांच्याकडून काय विसरण्याची अपेक्षा केली जाते, असा माझा विषय आहे. त्यामुळे सर्किट कसं जोडायचं हे मी सांगणार नाही, ते तुम्हीच मला सांगाल. मी आज एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे आवड.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. एआयसीटीईच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीच्या १६० क्रेडिटपैकी १५ क्रेडिट प्रोजेक्ट, सेमिनार आणि इंटर्नशिप यांना दिलेले आहेत. साधारण दहावा हिस्सा. वर्गात गाइड सर येतात आणि म्हणतात, "अपने इंटरेस्ट का टॉपिक लाओ." वाक्य अगदी साधं आहे, आणि चांगल्या मनानं म्हटलेलं असतं. पण या एका वाक्यावर वर्ग दोन भागांत वाटला जातो.

मी अनेकांना विचारलं, तुझी आवड काय? ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या पदव्या आहेत ती मुलं पटकन सांगतात: गिटार, फोटोग्राफी, ड्रोन, रेसिंग कार. आपल्या मुलांकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "ताई, तसं काही नाही." थोडं थांबून, "वेळच नसतो."

हे उत्तर नीट ऐका. छंदाला चार गोष्टी लागतात. वेळ लागतो, म्हणजे कॉलेज सुटल्यावर शिकवण्या घ्यायच्या नसतात, दुकानावर बसायचं नसतं. पैसा लागतो, कारण मोटार जळते आणि दुसरी आणावी लागते. जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं झोपत असतील तर सोल्डरिंगचं सामान कुठं मांडून ठेवणार? आणि चौथी गोष्ट सगळ्यात महाग, ती म्हणजे बिघडवण्याची परवानगी. एखाद्याच्या घरी जुना रेडिओ खोलून बिघडवला तर कौतुक होतं, "पोरगं हुशार आहे." आपल्या घरात एकच रेडिओ होता. तो खोलला असता तर मार बसला असता, आणि मारणाऱ्या बापाचंही चुकलं असं मला म्हणवत नाही.

मग होतं असं की आवड नसलेला मुलगा प्रोजेक्ट विकत आणतो. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. रिपोर्ट, पीपीटी, चालतं मॉडेल, सगळं मिळतं. घरातून फीसाठी कर्ज काढलेलं असतं आणि त्यावर हा खर्च. व्हायव्हात तो मुलगा अडखळतो आणि परीक्षकाच्या मनातला समज पक्का होतो, "ही मुलं अशीच." ज्याला कधी काही बिघडवू दिलं नाही, त्याच्यावर काही घडवलं नाही असा ठपका येतो.

म्हणून मी म्हणते की आवडीचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे. हे माझ्या आधी बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं अधिवेशन रद्द केल्यामुळे जे भाषण होऊ शकलं नाही आणि बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतः छापलं, ते 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आपण जयंतीला हातात घेतो. त्यातला श्रमविभागणीचा भाग पुन्हा वाचा. जात ही नुसती कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीही विभागणी आहे, हे वाक्य आपल्याला पाठ असतं. त्याच्या लगेच पुढे ते आणखी एक मुद्दा मांडतात, तो मात्र आपण सोडून देतो. जातीच्या विभागणीत माणसाच्या स्वतःच्या पसंतीला स्थान नाही, काम जन्माआधीच ठरलेलं असतं, आणि नको असलेल्या कामात मन नसलेला माणूस ते काम कसंबसं उरकतो, असा तो मुद्दा आहे. म्हणजे आवड ही फुरसतीची चैन आहे असं बाबासाहेब मानत नव्हते. ती नाकारणं हे जातीचं एक मुख्य काम आहे, हे त्यांना दिसत होतं.

हा विचार त्यांच्याकडे कुठून आला असेल, याचा एक धागा तुमच्या प्रोजेक्टशी जोडलेला आहे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथं ते जॉन ड्युई यांच्या वर्गात बसले. त्याच १९१३ साली ड्युई यांचं शिक्षणातली आवड आणि कष्ट या विषयावरचं एक छोटं पुस्तक आलं. आवड आणि कष्ट एकमेकांविरुद्ध नाहीत, असं ते सांगतात. ज्या कामात आपण स्वतःला ओळखतो त्या कामात कष्ट आपोआप येतात. वरून साखर लावलेली गोडी म्हणजे आवड नव्हे. पुढे १९१८ साली कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजमधले विल्यम किलपॅट्रिक यांनी 'द प्रोजेक्ट मेथड' हा निबंध लिहिला, आणि शाळा-कॉलेजांत मुलानं मनापासून हाती घेतलेलं काम या अर्थानं प्रोजेक्ट हा शब्द जगभर गेला. तुमच्या मार्कशीटवरच्या त्या शब्दाचा आणि बाबासाहेबांचा पत्ता असा एकच आहे.

बाबासाहेब फक्त विचार मांडून थांबले नाहीत. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन सरकारला दिलं. कला आणि कायदा शिकून आपल्या लोकांचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण लागेल, आणि ते इतकं महाग आहे की सरकारी मदतीशिवाय आपल्याला मिळणारच नाही, असं त्यात त्यांनी ठामपणे लिहिलं. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तुमच्यातले कितीतरी जण जिची वाट बघतात ती पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती हीच. तिच्या मुळाशी ही मागणी आहे की आपल्या पोरांनी यंत्र चालवावं, आणि यंत्र कसं असावं हेही ठरवावं.

आता घराकडे येऊ. "तसं काही नाही" म्हणणाऱ्या मुलाच्या घरात खरंच काही नसतं का?

एक मुलगा मला असंच म्हणाला होता. दोन तास बोलल्यावर कळलं की सुट्टीत तो मामाच्या मंडप-साउंडच्या धंद्यात काम करतो. जयंतीला रस्त्यावर खांबाखांबाला भोंगे तोच बांधतो. मी विचारलं, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना भाषण नीट ऐकू येतं का? म्हणाला, "आवाज येतो ताई, पण शब्द फाटतात." का फाटतात, हे त्याला कारणासकट माहीत होतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वायरमधून सिग्नल मात्र लगेच पोचतो. स्टेजपासून ३४ मीटरवरच्या खांबावरचा भोंगा आधी बोलतो आणि स्टेजवरचा आवाज तिथं एक दशांश सेकंद उशिरा येतो. एकच शब्द दोनदा ऐकू येतो आणि एकमेकांत मिसळतो. मोठ्या कार्यक्रमांत महागडं यंत्र लावून लांबच्या भोंग्याचा सिग्नल तेवढाच उशिरा सोडतात. हेच काम एका स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर करता येईल का? अंतर टाकलं की उशीर आपोआप मोजला जाईल असं? हा फायनल इयरचा उत्तम प्रोजेक्ट आहे. त्यात सिग्नल प्रोसेसिंग आहे, मोजमाप आहे, खरा वापरणारा आहे. आवाज किती असावा हाही प्रश्न त्यात आहे, कारण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आवाज वाढवण्यापेक्षा शब्द स्वच्छ करणं जास्त उपयोगाचं, हे तो आकड्यांनी दाखवू शकतो. हा मुलगा मात्र ऑनलाइन अटेंडन्स सिस्टीमचा तयार प्रोजेक्ट शोधत होता. मामाचा धंदा ही 'आवड' म्हणून सांगायची गोष्ट आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी एक मुलगी. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलीलाही शिवायला आवडतं, पण कॉलेजात ती हे लपवते, कारण शिवण म्हणजे घरकाम, इंजिनिअरिंग नव्हे. तिची तक्रार एकच होती. खालच्या बॉबिनचा धागा कधी संपतो ते कळत नाही. मशीन चालत राहतं आणि चार वीत कापडावर टाकाच पडलेला नसतो. त्यावर तिनं स्वतःच उपाय सुचवला. मशीनचं चाक एकदा फिरलं की एक टाका पडतो. चाकावर छोटं चुंबक आणि बाजूला हॉल सेन्सर लावला की टाके मोजता येतात. टाक्याची लांबी माहीत असेल तर किती धागा गेला याचा अंदाज निघतो, आणि संपण्याआधी दिवा लागतो. सामान काही शेकड्यांत येईल. यात चुका कुठं होतील हेही तिनं सांगितलं: जाड कापडाला धागा जास्त लागतो, बॉबिन प्रत्येक वेळी सारखी भरली जात नाही. अहो, यालाच तर एरर अॅनालिसिस म्हणतात!

आपल्या लोकांनी यंत्राबद्दल विचार केला नाही असं कुणी म्हटलं, तर त्याला दल्ली राजहराला पाठवा. या भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज तिथून येतं. १९७७ साली तिथल्या खाणकामगारांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा केला, शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते. खाणीचं पूर्ण यांत्रिकीकरण करायचं ठरलं तेव्हा हजारो हातांचं काम जाणार होतं. युनियन नुसती 'नको' म्हणून बसली नाही. कोणतं काम यंत्रानं करायचं, कोणतं हातानं, खर्च किती येईल, हे मांडून त्यांनी अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय समोर ठेवला. अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण खडक कसा फुटतो आणि गाडी कशी भरते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नियोगींचा १९९१ साली याच शहरात खून झाला. ही गोष्ट भिलाईच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात यायला हवी.

आता दुसरी बाजू. इथं एक सापळा आहे, त्याबद्दल सावध करते. पहिल्या पिढीची मुलं काही करू लागली की त्यांना सांगितलं जातं, "तुम्ही तुमच्या समाजासाठी काहीतरी करा." दुसऱ्याच्या मुलानं ड्रोन बनवला तर तो इनोव्हेशन, आपल्या मुलानं बनवला तर "याचा समाजाला उपयोग काय?" मी म्हणते, ज्याला क्रिकेट आवडतं त्यानं बॉलिंग मशीन बनवावं. दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरवली की चेंडू वळतो, त्यात फिजिक्स भरपूर आहे. ज्याला तारे आवडतात त्यानं टेलिस्कोप फिरवणारी मोटार बनवावी. उपयोग सिद्ध केल्याशिवाय काही आवडूच नये, ही सुद्धा आपल्यावर घातलेली जुनीच अट आहे.

आणि मोकळी आवड कुठं जाऊन पोचेल हे आधी सांगता येत नाही. केरळमध्ये कुट्टीपुरमच्या एमईएस इंजिनिअरिंग कॉलेजातल्या काही मुलांना सिनेमातली, माणसानं अंगावर चढवायची यंत्रं फार आवडायची. त्यांनी कॉलेजात तसाच यांत्रिक सांगाडा बनवला. २०१५ साली कोझिकोडमध्ये मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवायला गेलेला एक रिक्षावाला असे तिघं गुदमरून मेले. त्यानंतर या मुलांनी आपलं कसब तिकडे वळवलं आणि 'बँडिकूट' नावाचा, मॅनहोल साफ करणारा रोबोट तयार केला. २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. आयआयटी मद्रासमध्ये एका विद्यार्थ्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टातून 'होमोसेप' निघालं. सेप्टिक टँकमध्ये घट्ट बसलेला गाळ छत्रीसारख्या उघडणाऱ्या पात्यांनी ढवळून पातळ करणारं हे यंत्र आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या मदतीनं सुरुवातीची यंत्रं अशा बायकांच्या बचतगटांना दिली गेली, ज्यांचे नवरे याच कामात गेले होते.

या कामांचा मला आदर आहे. तरी समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट बोलायलाच हवी. माणसाला गटारात उतरवणं २०१३च्या कायद्यानं बंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. कायदा आहे, यंत्र आहे, तरी माणसं मरतात, कारण आपल्याकडे काही माणसांचा जीव यंत्राच्या भाड्यापेक्षा स्वस्त धरला जातो. रोबोट हा हिशेब बदलत नाही, तो आपल्याला लढून बदलावा लागतो. आणि गटारात कुणाला उतरवलं जातं हे ज्यांना घरातून माहीत आहे ते प्रयोगशाळेत असतील, तर यंत्र कुणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी टेबलावर येईल.

आता तुमच्या कॉलेजांकडे काय मागायचं ते सांगते. आवड एकट्याच्या बळावर टिकत नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा छोटा उपग्रह बनवला. वजन एक किलोलाही थोडं कमी, काम हॅम रेडिओवाल्यांचे संदेश पोचवण्याचं. २००८च्या सुमारास सुरू झालेलं काम २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ बरोबर आकाशात गेलं. आठ वर्षं! ज्यांनी सुरू केलं ते केव्हाच पास होऊन गेले होते. एका तुकडीनं दुसरीच्या हातात वह्या दिल्या, कॉलेजनं जागा दिली, इस्रोनं मार्गदर्शन केलं, म्हणून ते झालं. कुणा एकाच्या घरच्या पैशानं झालं नाही.

तर आपली मागणी अशी. वर्कशॉप आणि लॅब कॉलेज सुटल्यावरही उघडी असावी, कारण आपल्या घरी जागा नाही. सुट्या भागांची बँक असावी, मोटार, सेन्सर, बोर्ड घ्यायचे आणि परत करायचे. बाहा एसएईसारख्या स्पर्धेच्या गाडीला लाखांत खर्च येतो. टीममध्ये कोण, हे वर्गणीवर ठरू नये. जळालेल्या मोटारीचा दंड विद्यार्थ्याकडून घेऊ नये. न चाललेल्या प्रोजेक्टलाही, का चालला नाही हे नीट लिहिलं असेल तर पूर्ण मार्क मिळावेत. आणि व्हायव्हात हिंदी, छत्तीसगढी, मराठीत उत्तर द्यायची मोकळीक असावी. सर्किटला भाषा कळत नाही, परीक्षकाला कळायला काय हरकत आहे?

मागणी मान्य होईपर्यंत तुम्ही काय कराल? विषय निवडण्याआधी एक वही घ्या. घरात, धंद्यात, वस्तीत, मैदानात जे करताना तुमचं घड्याळाकडे लक्ष जात नाही ते लिहा. त्यात रोज काय अडतं ते लिहा. मग त्यातली एकच अडचण घ्या आणि ती आकड्यात मोजा: किती सेकंद, किती डेसिबल, किती मीटर धागा. आज ती अडचण लोक कशी सोडवतात ते विचारा. आईला विचारा, मामाला विचारा, आणि रिपोर्टमध्ये त्यांचं नाव घाला. ज्ञान ज्याचं, श्रेय त्याला. मग सगळ्यात स्वस्त नमुना बनवा, तो त्यांच्याच हातात द्या आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहा. गाइडकडे जाताना 'स्मार्ट अमुक, एआय तमुक' असं नाव घेऊन जाऊ नका. प्रश्न आणि मोजलेला आकडा घेऊन जा. चांगला शिक्षक आकड्यासमोर थांबतो.

शेवटी, इथं शेजारी बसलेल्या ज्युनिअर मुलामुलींना एक विनंती आहे, आणि सिनिअरांना एक काम. ज्युनिअरांनो, पुढच्या वेळी कुणी आवड विचारली तर "तसं काही नाही" म्हणू नका. भोंगे बांधतो म्हणा, शिवते म्हणा, क्रिकेट म्हणा. सिनिअरांनो, तुमच्या वह्या, उरलेले सेन्सर, जळालेले बोर्डसुद्धा पास झाल्यावर भंगारात देऊ नका. स्मृती नगरातल्या कुणाच्या तरी खोलीत एक कपाट करा आणि तिथं ठेवा. आपल्याला वारशात लॅब मिळाली नाही. मागच्यांना ती मिळावी, याची सुरुवात त्या कपाटापासून होऊ शकते.

जय भीम.